पन्नास बोर्डांचा कारखाना : रायपूर आणि कंत्राटी इलेक्ट्रॉनिक उत्पादनाचे गणित

रायपूर म्हटले की पोलाद, धान, कोळसा आणि वीज या गोष्टी प्रथम आठवतात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पॉन्ज आयर्नचे कारखाने व रोलिंग मिल आहेत. पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर भिलाईचा पोलाद प्रकल्प आहे. राज्यातल्या भातगिरण्यांची संख्याही मोठी आहे. या साऱ्या उद्योगांत आज भट्टीचे तापमान राखण्यापासून तांदळाचा रंग पाहून काळा दाणा वेगळा काढण्यापर्यंतची कामे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डच करतात.

असा एखादा बोर्ड निकामी झाला की अडचणीला सुरुवात होते. यंत्र जुने असेल तर मूळ उत्पादकाकडे तो बोर्ड मिळत नाही. मिळाला तरी तो पुणे, बेंगळुरू किंवा परदेशातून येईपर्यंत काही आठवडे जातात. बोर्डाची किंमत काही हजार रुपये असते. पण त्याअभावी थांबलेल्या भट्टीचे एका दिवसाचे नुकसान त्याच्या कितीतरी पट असते. त्या कारखान्याला गरज असते दहा, वीस किंवा पन्नास बोर्डांची. लाखांच्या संख्येने फोन तयार करणाऱ्या मोठ्या कंपनीला अशा मागणीत स्वारस्य नसते. ही पोकळी भरून काढणारा व्यवसाय म्हणजे छोट्या तुकडीचे कंत्राटी इलेक्ट्रॉनिक उत्पादन. त्याचे तंत्र, अर्थकारण आणि बाजारपेठ कशी असते आणि रायपूरसारख्या शहरात त्याला कितपत वाव आहे, याचा हा आढावा.

कंत्राटी उत्पादन म्हणजे काय?

या व्यवसायात उत्पादनाचा आराखडा आणि नाव ग्राहकाचे असते. जुळणी, सोल्डरिंग आणि चाचणी कंत्राटदार करतो. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात ग्राहक कोरे बोर्ड आणि सर्व सुटे भाग स्वतः पुरवतो आणि कंत्राटदार केवळ जुळणीची मजुरी घेतो. व्यवहारात याला जॉब वर्क म्हणतात. दुसऱ्या प्रकारात भागांच्या खरेदीपासून तयार बोर्डापर्यंतची सर्व जबाबदारी कंत्राटदाराची असते. याला टर्नकी काम असे नाव आहे.

जॉब वर्कमध्ये भांडवल कमी लागते, परंतु नफाही मर्यादित राहतो आणि ग्राहकाने पाठविलेला एक भाग जरी कमी पडला तरी संपूर्ण काम खोळंबते. टर्नकी कामात नफ्याला वाव असतो. मात्र भागांच्या किमती वाढणे, ते वेळेवर न मिळणे आणि बनावट निघणे हे तिन्ही धोके कंत्राटदाराच्या माथी येतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉब वर्कसाठी पाठविलेल्या कच्च्या मालावर, विहित कार्यपद्धती पाळल्यास, कर भरावा लागत नाही. मात्र तो माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तेथूनच पुढे पुरवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक रील आणि प्रत्येक डिलिव्हरी चलानाचा हिशेब चोख ठेवणे हे या व्यवसायात सोल्डरिंगइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

आज हा जगातला एक प्रचंड उद्योग असला तरी त्याचा उगम लहान कामांतच आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात जो आणि बार्बरा ॲन मॅकेन्झी या दांपत्याने सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांचे जादा झालेले बोर्ड हाताने सोल्डर करून देण्यास सुरुवात केली. त्यातूनच फ्लेक्सट्रॉनिक्स ही कंपनी उभी राहिली. १९७४ मध्ये तैवानमध्ये स्थापन झालेल्या फॉक्सकॉनने आरंभी दूरचित्रवाणी संचांच्या वाहिन्या बदलण्याच्या प्लास्टिकच्या खुंट्या बनविल्या होत्या. दुसऱ्याचे छोटे, किचकट आणि नकोसे काम वेळेवर करून देणे हीच दोघांची सुरुवातीची पुंजी होती.

भारतात इलेक्ट्रॉनिक आयोगाची स्थापना १९७१ मध्ये झाली आणि १९७३ मध्ये मुंबईत सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, सुरू झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी आणि महापे येथे ‘इलेक्ट्रॉनिक सदन’ नावाच्या गाळ्यांच्या इमारती उभारल्या. कमी जागेत, कमी भांडवलावर काम करू पाहणाऱ्या उद्योजकाला स्वतःची इमारत न बांधता तेथे गाळा मिळू शकला आणि शेजारीच पुरवठादार व ग्राहकही लाभले. रायपूरच्या उद्योजकाला हे शेजार मुख्यतः स्वतःच घडवावे लागते. दोन्ही ठिकाणच्या परिस्थितीतला हा महत्त्वाचा फरक आहे.

बोर्ड कसा तयार होतो?

प्रथम कोऱ्या बोर्डावर पोलादी पत्र्याच्या स्टेन्सिलमधून सोल्डर पेस्टचा थर देतात. कथलाचे सूक्ष्म कण आणि फ्लक्स यांचे ते मिश्रण असते. त्यानंतर पिक अँड प्लेस यंत्र रिळांमधून एकेक सुटा भाग उचलून नेमक्या जागी ठेवते. मग बोर्ड रिफ्लो ओव्हनमधून जातो. तेथे टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या उष्णतेने पेस्ट वितळते आणि थंड होताना सांधा पक्का होतो. कथील व शिसे यांचे नेहमीचे ६३:३७ मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. शिसेविरहित मिश्रणांना साधारण २१७ अंश लागतात. यानंतर कॅमेऱ्याने तपासणी होते, मोठे कनेक्टर व ट्रान्सफॉर्मर हाताने किंवा सोल्डरच्या लाटेवर बसवले जातात आणि शेवटी बोर्ड प्रत्यक्ष चालवून पाहिला जातो. भट्टीजवळ किंवा धुळीत राहणाऱ्या बोर्डावर संरक्षक लेपही द्यावा लागतो.

रायपूरच्या हवामानात या प्रक्रियेला विशेष दक्षता लागते. सोल्डर पेस्ट शीतकपाटात ठेवावी लागते आणि वापरण्यापूर्वी ती खोलीच्या तापमानाला आणावी लागते. उन्हाळ्यात हवा अतिशय कोरडी असते. अशा हवेत अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार माणसाला जाणवतही नाही, पण तेवढ्याने एखादी चिप निकामी होऊ शकते. पावसाळ्यात उलट परिस्थिती असते. चिपच्या आवरणात मुरलेला ओलावा ओव्हनच्या उष्णतेत वाफ होऊन तिला आतून तडा देतो. त्यामुळे जुळणीच्या खोलीत सर्वसाधारणपणे ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता राखणे, कामगारांच्या मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधणे आणि ओलाव्याला संवेदनशील असलेले भाग बंद पाकिटात ठेवणे हे खर्च टाळता येत नाहीत. यंत्र विकत घेताना अनेकांना वातानुकूलन, अखंड वीज आणि भूयोजन यांचा खर्च कमी वाटतो. प्रत्यक्षात बोर्डांचा दर्जा बऱ्याच अंशी त्यावरच ठरतो.

पन्नास आणि पाच हजार

छोट्या तुकडीचे अर्थकारण समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका बोर्डावर ६० प्रकारचे मिळून २०० सुटे भाग आहेत असे मानू. प्रत्येक प्रकाराची रीळ यंत्राच्या फीडरवर चढवून ती बरोबर आहे याची खात्री करण्यास चार मिनिटे लागली, तर केवळ या पूर्वतयारीस २४० मिनिटे, म्हणजे चार तास लागतील. यंत्र तासाला ३,००० भाग बसवत असेल तर एका बोर्डाला चार मिनिटे पुरतात. पन्नास बोर्डांचे प्रत्यक्ष काम त्यामुळे २०० मिनिटांत संपते. म्हणजेच यंत्र जितका वेळ चालते, त्यापेक्षा अधिक वेळ ते तयार करण्यात जातो.

हेच बोर्ड पाच हजार करावयाचे असतील तर पूर्वतयारी तेवढीच राहते. पन्नास बोर्डांच्या तुकडीत प्रत्येक बोर्डावर पूर्वतयारीची सुमारे पावणेपाच मिनिटे पडतात. पाच हजारांच्या तुकडीत ती तीन सेकंदांहून कमी होतात. म्हणूनच छोट्या तुकडीचा कारखाना प्रति बोर्ड दराच्या बाबतीत मोठ्या कारखान्याशी स्पर्धा करू शकत नाही आणि त्याने ती करूही नये.

यातून यंत्रखरेदीचे एक सूत्र निघते. पन्नास बोर्डांच्या कामासाठी अतिवेगवान यंत्रापेक्षा लवकर बदलता येणारे यंत्र उपयोगाचे असते. नेहमी लागणारे प्रतिरोधक आणि धारित्रे कायमची चढवून ठेवली, फीडर यंत्राबाहेर आधीच भरून ठेवले आणि एकसारखे भाग लागणारी कामे लागोपाठ घेतली तर तयारीचा वेळ बराच घटतो. वेगवान यंत्राच्या कर्जाचे हप्ते फेडण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

सुटे भाग : खरी कसोटी

सोल्डरिंग शिकता येते, ओव्हनचे तापमान बसवता येते. परंतु वेळेवर आणि अस्सल सुटे भाग मिळवणे ही या व्यवसायाची खरी कसोटी आहे. अगदी लहान आकाराच्या प्रतिरोधकांची एक रीळ बहुधा ५,००० किंवा १०,००० नगांची असते. पन्नास बोर्डांसाठी लागतात पाचशे. उरलेल्या नगांचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न कोटेशन देतानाच सोडवावा लागतो. तोडून दिलेल्या फितीत कमी नग मिळतात, परंतु त्यांचा दर चढा असतो आणि फितीच्या टोकाचे काही नग यंत्रावर वाया जातात.

भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान कराराचा स्वीकार केला आणि २००५ पर्यंत त्यातील २१७ प्रकारच्या वस्तूंवरील आयात शुल्क शून्यावर आणले. त्यामुळे वापरणाऱ्यांना स्वस्त उपकरणे मिळाली, परंतु देशातील भागनिर्मितीला मोठ्या स्पर्धेला तोंड द्यावे लागले. आजही बहुसंख्य चिप आयात होतात. २०२० ते २०२२ या काळात जगभर चिपची टंचाई निर्माण झाली, तेव्हा साध्या मायक्रोकंट्रोलरसाठीही अनेकांना वर्षभर थांबावे लागले. मोठ्या मोटार कंपन्यांचे उत्पादन थांबले, तेथे पन्नास नग मागणाऱ्याकडे कोण लक्ष देणार? अशा वेळी खुल्या बाजारात जुन्या चिपवर नवे छाप मारलेला मालही फिरतो.

यावर उपाय म्हणजे अधिकृत वितरकाकडूनच खरेदी करणे, प्रत्येक महत्त्वाच्या भागाला पर्यायी भाग आराखड्यातच मंजूर करून घेणे आणि कोणता भाग लवकरच बंद होणार आहे याची सूचना ग्राहकाला आधी देणे. ग्राहकाच्या लेखी मंजुरीशिवाय एकही भाग बदलायचा नाही, हा नियम कितीही घाई असली तरी पाळावा लागतो. रायपूरपासून मुंबई, बेंगळुरू आणि दिल्ली ही भागांची मोठी केंद्रे दूर आहेत. विसरलेला एक कनेक्टर आणण्यासाठी पुण्यात तासभर लागत असेल, तर रायपुरात दोन दिवस जाऊ शकतात. म्हणून काम यंत्रावर घेण्यापूर्वी सर्व भागांचा संच मोजून पूर्ण झाला आहे याची खात्री करणे येथे अधिक आवश्यक ठरते.

गुणवत्तेचे अंकगणित

दहा हजार सांध्यांत एकच सांधा सदोष राहतो, हे प्रमाण उत्तम वाटते. परंतु एका बोर्डावर एक हजार सांधे असतील तर या प्रमाणात शंभरातील केवळ ९० बोर्ड पहिल्याच प्रयत्नात निर्दोष निघतात. हजारात एक सांधा सदोष असेल तर निर्दोष बोर्डांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर घसरते. मोठ्या उत्पादनात पहिल्या काही शे बोर्डांवरून चुका सुधारता येतात. पन्नासांच्या तुकडीत तशी संधी मिळत नाही. चूक कळेपर्यंत तुकडी संपलेली असते. यामुळेच पहिला बोर्ड तयार होताच यंत्र थांबवून त्यावरील प्रत्येक भागाचे मूल्य, दिशा आणि जागा तपासण्याची पद्धत आहे.

जुळणी केलेल्या बोर्डांच्या स्वीकारार्हतेसाठी ‘आयपीसी-ए-६१०’ हे मानक जगभर वापरले जाते. त्यात बोर्डांचे तीन वर्ग आहेत. साधी घरगुती उपकरणे पहिल्या वर्गात, सतत चालणारी औद्योगिक उपकरणे दुसऱ्या वर्गात, तर जिथे बिघाड चालणारच नाही अशी उपकरणे तिसऱ्या वर्गात मोडतात. कोणत्या वर्गाचे काम हवे हे करारात लिहिले नसेल तर पुढे वाद ठरलेलाच. त्याचप्रमाणे चाचणी कशी घ्यायची हे ग्राहकाने सांगितले पाहिजे. चाचणीचे उपकरण कोणी बनवायचे, त्याचा खर्च कोणाचा आणि अपयशी बोर्डाची दुरुस्ती कोणी करायची, हे प्रश्न बोर्ड ग्राहकाच्या दारात पोहोचल्यावर विचारून उपयोग नसतो.

दर कसा ठरवावा?

नवा उद्योजक बहुधा प्रति सांधा किंवा प्रति बोर्ड एकच दर सांगतो आणि तेथेच फसतो. छोट्या तुकडीत खर्चाचे चार भाग वेगळे दाखवणे श्रेयस्कर असते. पहिला, एकदाच होणारा खर्च : स्टेन्सिल, यंत्राचा प्रोग्रॅम, चाचणीचे उपकरण. दुसरा, प्रत्येक तुकडीला लागणारा पूर्वतयारीचा खर्च. तिसरा, भागांची किंमत आणि वाया जाणारे नग. चौथा, प्रत्येक बोर्डाची जुळणी व चाचणी. असे कोटेशन मिळाले की पन्नासऐवजी शंभर बोर्ड एकदम घेतल्यास दर का उतरतो हे ग्राहकाला आपोआप समजते. त्यामुळे घासाघीस कमी होते, आणि वर्षभराची मागणी एकदम कळवून माल टप्प्याटप्प्याने उचलण्याचा करारही शक्य होतो.

ग्राहक कोठे आहे?

या व्यवसायाची जाहिरात वर्तमानपत्रात देऊन फारसा उपयोग होत नाही. ग्राहक मोजके असतात आणि ते कोठे आहेत हे ओळखणे हाच विपणनाचा मुख्य भाग असतो. रायपूरच्या परिसरात त्यांचे चार गट दिसतात.

पहिला गट पोलाद, सिमेंट आणि वीज प्रकल्पांच्या देखभाल विभागांचा. येथे जुन्या यंत्रांचे बोर्ड दुरुस्त करणे किंवा त्यांच्या जागी नवे तयार करणे असे काम मिळू शकते. मात्र दुसऱ्याच्या आराखड्याची हुबेहूब नक्कल करणे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. तेच कार्य करणारा नवा आराखडा तयार करून घेणे हा सुरक्षित मार्ग होय. दुसरा गट स्थानिक यंत्रनिर्मात्यांचा : नियंत्रण पॅनेल, भातगिरणीची यंत्रे, इलेक्ट्रॉनिक वजनकाटे. वजनकाट्यांना वैध मापनशास्त्र कायदा, २००९ खाली नमुन्याची मान्यता लागते; एकदा मान्य झालेल्या नमुन्यातील भाग परस्पर बदलता येत नाहीत, हे कंत्राटदाराने ध्यानात ठेवावे लागते. तिसरा गट सौर ऊर्जेचा आहे. १ नोव्हेंबर २०१६ रोजी नवा रायपूर येथे सौर सुजला योजनेचा प्रारंभ झाला आणि राज्यात शेतकऱ्यांना सौर पंप मिळू लागले. पंपाचा नियंत्रक उन्हाळ्यात रानात बंद पडला की दुरुस्ती जवळच व्हावी लागते. चौथा गट संशोधन संस्था आणि नवउद्योजकांचा. १९५६ साली खाण व धातुशास्त्र महाविद्यालय म्हणून पाया घातली गेलेली आणि २००५ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था बनलेली रायपूरची संस्था, तसेच २०१५ मध्ये सुरू झालेली नवा रायपूरची माहिती तंत्रज्ञान संस्था येथील प्रयोगांना पाच-दहा बोर्डच लागतात. पण आजचा प्रयोग उद्याचे उत्पादन ठरू शकतो.

रेल्वेचे काम सर्वांना आकर्षक वाटते. परंतु सिग्नलसारख्या सुरक्षिततेशी निगडित उपकरणांना लखनौच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेची मान्यता लागते. नवख्या उद्योजकाने थेट मान्यतेच्या मागे लागण्यापेक्षा मान्यताप्राप्त उत्पादकाचे उपकंत्राट मिळते का हे पाहणे अधिक व्यवहार्य ठरते.

या ग्राहकांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग साधे आहेत. कारखान्यात कोणती यंत्रे आहेत, सर्वांत लहान कोणता भाग बसवता येतो, किती दिवसांत काम होते आणि काय होत नाही, हे एका पानावर स्पष्ट लिहिलेले असावे. कोटेशनची विनंती आल्यावर दोन दिवसांत उत्तर द्यावे. उशिरा मिळालेले स्वस्त कोटेशन बहुधा वाचलेच जात नाही. ग्राहकाचा आराखडा पाहून जुळणीत अडचण आणणाऱ्या त्रुटी आधीच दाखवून द्याव्यात. दोन भागांमधील अंतर फारच कमी आहे, किंवा ध्रुवता दाखवणारी खूण नाही, अशी विनामूल्य दिलेली एक सूचना छापील माहितीपत्रकापेक्षा अधिक परिणाम करते. आराखड्याची गुप्तता राखण्याचा लेखी करार स्वतःहून पुढे करावा. कारखाना पाहण्यास ग्राहकाला बोलवावे, कारण स्वच्छ जमीन आणि लेबल लावलेल्या रिळा पाहून जो विश्वास बसतो तो शब्दांनी बसत नाही.

रेल्वेने व महामार्गाने नागपूर येथून सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. विदर्भातील कोळसा, वीज आणि ऑर्डनन्स उद्योगांना लागणारी छोटी कामे पुण्यापेक्षा रायपूरला जवळ पडतात. मराठी भाषक उद्योजकांना ही दोन्ही बाजूंची ओळख उपयोगी पडू शकते. मात्र निम्म्याहून अधिक काम एकाच ग्राहकाकडून येत असेल तर तो ग्राहक गेल्यावर कारखानाही जातो. म्हणून नवे ग्राहक शोधण्याचे काम हाती भरपूर काम असतानाच सुरू ठेवावे लागते.

पैसा कोठे अडकतो?

छोटे कारखाने बंद पडतात ते अनेकदा काम नसल्यामुळे नव्हे, तर काम केल्याचे पैसे वेळेवर न मिळाल्यामुळे. येथेही एक काल्पनिक उदाहरण पाहू. पाच लाख रुपयांच्या टर्नकी कामात भागांची किंमत साडेतीन लाख आहे आणि अपेक्षित नफा आठ टक्के, म्हणजे ४० हजार रुपये आहे. वितरकाला पैसे आगाऊ द्यावे लागतात. भाग येण्यास, जुळणीस आणि नंतर ग्राहकाचे पैसे मिळण्यास एकूण ९० दिवस लागले, तर वार्षिक १२ टक्के दराने साडेतीन लाखांवरील व्याज १० हजार रुपयांच्या वर जाते. नफ्याचा चौथा हिस्सा संपतो. १८० दिवस लागले तर निम्मा नफा बँकेकडे जातो, आणि त्या काळात पुढचे काम घेण्यास भांडवल उरत नाही.

कायद्याने याबाबत संरक्षण दिले आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे देयक करारात ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असता कामा नये, चुकते करावे लागते. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज देय होते. वाद असल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळही सुरू झाले. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले. या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी तरतूद त्याद्वारे झाली.

तरीही ज्याच्यावर पुढचे काम अवलंबून आहे त्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करण्यास छोटा उद्योजक सहसा धजावत नाही. त्यामुळे कायद्याइतकेच महत्त्व सुरुवातीच्या अटींना आहे. भागांची संपूर्ण रक्कम आगाऊ घेणे, उरलेले पैसे माल पाठवण्यापूर्वी किंवा निश्चित दिवसांत घेणे आणि ग्राहकाच्या आग्रहाने आणलेले पण न वापरलेले भाग त्यानेच विकत घ्यावेत असे लिहून घेणे, या तीन अटी मान्य नसतील तर काम नाकारणे हिताचे असते. मोठ्या खरेदीदारांच्या बाबतीत ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेवर देयक वटवून पैसे लवकर मिळवता येतात. २०२४ च्या नोव्हेंबरमधील अधिसूचनेने २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी बंधनकारक करण्यात आली. या लाभांसाठी उद्योजकाची स्वतःची ‘उद्यम’ नोंदणी असणे आवश्यक आहे.

योजना आणि त्यांची व्याप्ती

नवा रायपूरच्या सेक्टर २२ मध्ये केंद्राच्या योजनेखाली इलेक्ट्रॉनिक उत्पादन समूहासाठी जागा विकसित करण्यात आली. राज्याचे नवे औद्योगिक धोरण १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाले. एप्रिल २०२५ मध्ये नवा रायपूर येथे पॉलिमाटेक कंपनीच्या १,१४३ कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाचा शिलान्यास झाला. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली.

या घोषणांचा रोख मोठ्या गुंतवणुकीकडे आहे. पन्नास बोर्ड करणाऱ्या कारखान्याला त्यांचा लाभ अप्रत्यक्षपणेच मिळणार आहे : प्रशिक्षित मनुष्यबळ, जवळचे पुरवठादार, यंत्रदुरुस्तीचे तंत्रज्ञ. त्याची तातडीची गरज वेगळी आहे. विद्युतचुंबकीय चाचणीची प्रयोगशाळा किंवा क्ष-किरण तपासणीचे यंत्र एकट्याने घेणे त्याला परवडत नाही. ते सामायिक सुविधा केंद्रात माफक भाड्याने मिळाले तर अनेक कामे जवळच पूर्ण होऊ शकतात. उत्पादन समूहांच्या योजनेत अशा केंद्रांची तरतूद आहे. ती किती लवकर आणि किती सुलभपणे छोट्यांच्या वापरात येतात, यावर अशा समूहांचे यश मोजावे लागेल.

रायपूरच्या अभियांत्रिकी संस्थांतून शिकलेल्या इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांना नोकरीसाठी बेंगळुरू, पुणे किंवा हैदराबादचा रस्ता परिचित आहे. त्यांच्याच शहरालगतच्या कारखान्यांतील बिघडलेले बोर्डही त्याच रस्त्याने जात असतात. अभियंता आणि काम दोन्ही येथेच थांबण्यासाठी अब्जावधींच्या प्रकल्पाची वाट पाहण्याची गरज नाही. एक नेटकी खोली, लवकर बदलता येणारे यंत्र, पूर्ण मोजलेला भागांचा संच आणि दिलेल्या तारखेला पोहोचलेले पन्नास निर्दोष बोर्ड एवढ्यानेही त्याची सुरुवात होऊ शकते. पुढची मागणी मिळवून देणारा विक्रेता म्हणजे तेच पन्नास बोर्ड असतात.